आपोआप

सोमवार, ३ तारीख

झोप नाही झाली. आज अकरावा दिवस. कारण लिहून काढते, डोकं जरा हलकं होईल. खरं तर ही वही त्यासाठी नाही. बाळाचं वजन करायला येतात त्या सिस्टरनी दिली. दूध कधी पाजलं, शू किती वेळा, शी कशी, सगळं लिहायचं. मी म्हटलं, मी सहावीपर्यंतच शिकले. त्या म्हणाल्या, शी लिहायला सहावी पुष्कळ झाली.

तर कारण. माझी पिटुकली दीड महिना आधीच आली. आता चार महिन्यांची आहे. डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे, काही काळजी नाही. पण झोपली की श्वास घेते, घेते, आणि मध्येच थांबते. मी मोजते. एक, दोन, तीन, चार. मग घेते परत. डॉक्टर म्हणतात लहान बाळं असंच करतात. करत असतील. पण त्या एक ते चारमध्ये माझा जीव कुठे कुठे जाऊन येतो ते डॉक्टरांना काय माहीत.

दादा बघायला आला होता तेव्हा विचारलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. मशीनमधलं त्याला सगळं कळतं. म्हटलं, दादा, झोपेत हिचा श्वास कोण चालू ठेवतं? म्हणाला, कोण म्हणजे? आपोआप चालतो. सूर्य, चंद्र, पोट, श्वास, सगळं आपोआप. वर कोणी बसलेलं नाही बटणं दाबत. मी म्हटलं, आणि आपोआप थांबला तर? त्याने जरा विचार केला. म्हणाला, सहसा नाही थांबत.

सहसा.

मी त्याला म्हटलं, चालता हो, परत तोंड दाखवू नकोस. गेला. बिस्किटं तशीच राहिली.

माझं म्हणणं साधं आहे. वर कोणी बघणारं असेल तर मी तासभर डोळे मिटते. कोणीच नसेल तर ड्यूटी माझी. मग माझी पाळी बदलायला कोण येणार?

दूध पाच वेळा. शू सात. शी पिवळी.


मंगळवार, ४ तारीख

कपडे धुतले आणि सगळे पांढुरके निघाले. सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडू राहिला होता, तो विरघळला. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांत खडू असतो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये अडतीस वर्षं होते, नट-बोल्ट मोजायला, सवय गेली नाही. डब्यातून नवा खडू काढून वाळलेल्या सदऱ्यात ठेवला. जे खिशात होतं ते खिशात असावं.

बाबा काही बोलत नाहीत. सासूबाई गेल्यापासून खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघतात. कानाचं मशीन आहे, ते ड्रॉवरमध्ये ठेवतात, बॅटरी संपेल म्हणून. चहा दिला की पितात. फक्त दार उघडं दिसलं की त्यांना चैन पडत नाही, उठून कडी लावतात. परवा मला गॅलरीत ठेवून लावली होती. मी वीस मिनिटं काच बडवत होते.

दूध सहा वेळा. एकदा अर्धं बाहेर.


गुरुवार, ६ तारीख

आज काहीतरी विचित्र झालं. पिटुकलीला अंघोळ घालून बाहेर आले तर ओट्यावरचे डबे ओळीत. मोठा, त्याहून लहान, त्याहून लहान, शेवटी मिठाची बाटली. झाकणं ज्याची त्याला. आमच्या घरात झाकण आणि डबा गेल्या वर्षभरात भेटले नव्हते.

मी नाही लावले. नवरा पहाटे बेकरीत जातो तो संध्याकाळी सहाला येतो. बाबांना विचारलं, ओरडून, कोणी आलं होतं का? म्हणाले, नाही, कोणी आलं नाही.

मग कोणी केलं?

खाली शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात, त्यांना सांगितलं. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाल्या, तुला कळत नाही का कोणी केलं? आणि वर बघितलं. वर त्यांच्या पंख्याला जाळी लागली होती, पण मला समजलं त्यांना काय म्हणायचंय.

मी म्हटलं, मावशी, त्याला एवढं जग पडलंय, तो माझे डबे कशाला लावेल?

म्हणाल्या, ज्याने ग्रह ओळीत लावले त्याला तुझे चार डबे जड आहेत का?


शुक्रवार, ७ तारीख

परीक्षा घेतली. घ्यावी की नाही कळत नव्हतं. घेतली.

मावशींनी बटणांचा डबा दिला होता, वेगळी करून दे म्हणाल्या. मी तो सगळा टेबलावर पालथा केला. लाल, पांढरी, कोटाची, सगळी एकात एक. पिटुकलीला घेऊन आत गेले, कपडे बदलले, पाजली, ढेकर काढला. अर्ध्या तासाने बाहेर आले.

तीन वाट्या. एकीत दोन भोकांची बटणं. एकीत चार भोकांची. आणि तिसऱ्या वाटीत एकच बटण, त्याला तीन भोकं.

बाबा बसले होते भिंतीकडे बघत. त्यांना दाखवलं तरी काय म्हणणार? बाबांवर संशय घ्यायचा म्हणजे कपाटावर संशय घ्यायचा.

वाट्या घेऊन मावशींकडे गेले. त्या खुर्चीत बसल्याच एकदम. म्हणाल्या, माणसाने केलं असतं तर रंगाने केलं असतं. मीही रंगानेच करते. भोकं मोजायचं माणसाला सुचत नाही. मग ते तीन भोकांचं बटण उचललं, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, हे माझ्या डब्यात होतं हे मलाच माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

मला बरं वाटलं पाहिजे होतं. कोणीतरी आहे हे कळलं ना. पण मी विचार करत बसले, जो बटणं मोजत बसतो त्याचं बाळाच्या श्वासाकडे लक्ष असेल का? म्हणजे माझी झोप तिथेच.

दूध लिहायचं राहिलं. पाजलंय.


शनिवार, ८ तारीख

पिटुकलीच्या लाकडी पलंगाच्या उशाला खडूने बाण काढलेला आहे. सरळ वर.

मावशींना वर बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बघितला. म्हणाल्या, आता आणखी काय पाहिजे तुला? सही?

मग मी पलंग पुढे ओढून झाडायला गेले आणि मागच्या बाजूला बघितलं. रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. अशा किती तरी. मावशी म्हणाल्या, आशीर्वाद मोजलेत. मला तसं वाटलं नाही. मोजतात ते कधीतरी संपणार असतं तेव्हाच मोजतात. कोणीतरी माझ्या पिटुकलीचं काहीतरी मोजतंय.

ओलं फडकं घेऊन सगळं पुसलं. बाणसुद्धा.


सोमवार, १० तारीख

रेघा परत आल्या. बाणही.

काल नवऱ्याला दाखवलं. तो पिठाचे हात धुवून आला, बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, तूच करतेस हे. सतरा दिवस झोपली नाहीस, बसल्या बसल्या डुलकी लागते तुला, त्यात काय करतेस तुझं तुला कळत नाही. आवाज मऊ करून म्हणाला. मऊ आवाजात बोलला की त्याने काहीतरी ठरवलेलं असतं.

ठरवलंच होतं. म्हणाला, येत्या रविवारी ताई येतेय. बाळाला महिनाभर तिच्याकडे ठेवू. तिची दोन मोठी केली तिने. तू झोप, बरी हो, मग आणू.

मी म्हटलं, आणि तिथे कोण मोजणार?

म्हणाला, हेच. हेच म्हणतोय मी.

त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. काल मी साखर समजून चहात रवा टाकला आणि बाबांनी पिऊनही टाकला. पण नणंदबाई रात्री दार लावून गाढ झोपतात, घोरतात. त्यांना एक ते चार कसं ऐकू येणार? त्या माझ्या पिटुकलीला घेऊन गेल्या तर मी तिकडे फुटपाथवर बसून मोजेन.

आज सकाळी लिफ्ट अडकली. दादा आला दुरुस्तीला. घरी नाही आला, मी सांगितलंय तसं. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला होता. मी आणि मावशी जाळीपाशी उभ्या होतो. मावशी जाळीतून खाली ओरडल्या, अरे ए, तुझ्या भाचीचा कान बघितलास का? त्याची ती घडी बघितलीस? चाळीस वर्षं कॉलर शिवतेय मी. अशी घडी आपोआप पडत नाही.

खालून आवाज आला, मग मावशी, गुडघा कोणी बनवला?

मावशींचा गुडघा दुखतो. म्हणाल्या, गुडघ्याचं नाव काढू नकोस.

नाही, विचारतो. आमच्या कंपनीने असा सांधा बसवला असता तर गिऱ्हाइकाने परत पाठवला असता.

वापर जास्त झाला, त्यात शिवणाऱ्याचा काय दोष?

आणि दात? दोनदा दिले. पहिला माल खराब होता का?

मावशी म्हणाल्या, वाढत्या अंगाच्या पोराला आधी लहान मापाचं शिवतात, नंतर मोठं. एवढी अक्कल नाही तुला?

खाली बराच वेळ नुसती ठोकाठोक. मग आवाज आला, हे बरं बोललात. आणि लिफ्ट हलली.

जाताना जाळीतून हाक मारली त्याने. बये, झोपलीस का गं? मी जिना चढायला लागले. त्याचं ते सहसा अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.


बुधवार, १२ तारीख

सिस्टर आल्या. वजन चारशे ग्रॅम वाढलं. वही बघितली. म्हणाल्या, शी कमी आणि देव जास्त लिहिलाय. बाण दाखवला तर हसल्या. म्हणाल्या, बरोबरच आहे, मागच्या वेळी मीच सांगून गेले ना, पाठीवर झोपवा, तोंड वर. तुम्ही आत होतात तेव्हा. पण कोणाला सांगितलं ते विचारेपर्यंत त्यांचा फोन वाजला आणि त्या गेल्या.

त्या आल्या तेव्हा घरात मी आणि पिटुकली. आणि बाबा. मी आत होते. मग त्यांनी पिटुकलीला सांगितलं असणार. लहान बाळांशी बोलतात लोक तसं.

पण मग बाण कोणी काढला? नवरा म्हणतो मी. मावशी म्हणतात तो. दादा म्हणेल आपोआप. तिघांपैकी एकाचं तरी खरं निघेपर्यंत रविवार येईल.

आता एकच उपाय. लपून बघायचं.


शुक्रवार, १४ तारीख, दुपार

अडगळीच्या खोलीतून लिहितेय. खोली म्हणजे कोनाडाच, मी, जुनी शिवणमशीन आणि रंगाचे डबे. दाराला आडव्या फळ्या आहेत, मधल्या फटीतून पलंग नीट दिसतो. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणलीय. फोन ओट्यावर चार्जिंगला राहिला. पिटुकली झोपली आहे. इथून पोट वर-खाली होताना दिसतं. दार आतून नुसतं ओढून घेतलंय.

डबे मुद्दाम उलटसुलट करून ठेवलेत.

साडेबारा. कोणी नाही.

पावणेएक. कोणी नाही. बाबा उठून पाणी प्यायले आणि डबे

थांबा.


अजून शुक्रवार

पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून अक्षर असं.

बाबांनी डबे लावले. मोठ्यापासून लहान. मिठाची बाटली शेवटी. एकेकाचं झाकण फिरवून बघितलं. मग पलंगापाशी आले. वाकले. बाबांना वाकायला किती वेळ लागतो, तरी वाकले, आणि पिटुकलीच्या नाकाखाली बोट धरलं. धरून उभे राहिले. मी इकडे मोजत होते, एक, दोन, तीन, चार. तिकडे त्यांचे ओठ हलत होते. तेही मोजत होते.

मग तिची कूस सरळ केली, पाठीवर. पांघरूण ओढलं. बाण पुसट झाला होता, तो गिरवला. मागच्या बाजूला एक रेघ ओढली. खडू खिशात टाकला.

म्हणजे तो बाण होता, ही बाजू वर. खोक्यांवर लिहितात ना, नाजूक माल, ही बाजू वर. मावशींना हे कसं सांगू? त्या सहीची वाट बघतायत.

किती दिवस करत असतील? दर तासाला एक रेघ असेल तर मी पुसलं तेव्हा शंभराच्या वर होत्या. सिस्टरनी बाबांनाच सांगितलं होतं. मशीनशिवाय कसं ऐकलं देव जाणे. आणि मी त्यांना रव्याचा चहा दिला.

मी दार ढकलून बाहेर यायला निघाले, पाया पडायला का काय ते ठरलं नव्हतं. तेवढ्यात बाबांना अडगळीचं दार दिसलं. कडी नव्हती लागलेली.

त्यांनी कडी लावली.


अजूनही शुक्रवार

हाका मारल्या. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये आहे. दार बडवलं तर पिटुकली कुरकुरली, म्हणून थांबले.

मग वहीचं एक पान फाडून लिहिलं, बाबा, मी आत आहे, कडी काढा. दाराखालून सरकवलं. बाबांनी उचललं. चष्मा नव्हता. कागद उलटा-सुलटा बघितला, चार कोपरे जुळवून घडी घातली आणि लाइटबिलं टोचतात त्या खिळ्याला टोचून ठेवला. तारखेप्रमाणे.

पिटुकली उठली. बाबांनी तिला उचललं, मानेखाली हात घालून, मी घालते त्याच्यापेक्षा चांगला. मी काढून ठेवलेलं दूध फ्रीजमधून घेतलं, बाटली गरम पाण्यात धरली, मनगटावर थेंब टाकून बघितला. पाजलं. ढेकर काढला. रेघ. परत झोपवलं, ही बाजू वर. आणि खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसले. खुर्चीचं तोंड भिंतीकडे नाही, पलंगाकडे. आता आठवतंय, खुर्ची कधीचीच अशी आहे. भिंत पलंगाच्या मागे आहे इतकंच. मी रोज त्यांच्यामागून जायची, मला भिंतच दिसायची.

चंद्र-सूर्याचं मला माहीत नाही. ते दादा आणि मावशी बघून घेतील, जाळीतून. पण आमच्या खोलीत तरी आपोआप नाही. बाबा आहेत. बाबांकडे कोण बघतं ते मी विचार करत होते, तर त्यांच्या खिशात खडू कोण ठेवतं? मीच ठेवते. मग जरा बरं वाटलं.

इथे जुनी गादी गुंडाळून ठेवली आहे. ती पसरली. आडवी झाले आहे. फटीतून बाबांचा गुडघा दिसतो आणि पिटुकलीचा एक पाय. डोळे मिटायला लागलेत. मी मोजत नाहीये. बाबा मोजतायत.

हे पान दाराखालून सरकवते आहे. बाबांना सापडलं तर बिलांच्या खिळ्यावर बघा. जो कोणी वाचेल, नवरा, मावशी, सिस्टर, कोणीही, माझ्या भावाला फोन करा. नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे, अडचण आली तर कोणाला कळवायचं तिथे सिस्टरनी लिहून घेतलाय. तेव्हाही मी त्याचंच नाव सांगितलं होतं. मी स्वतः केला असता, पण मीच त्याला तोंड दाखवू नकोस म्हटलंय, आता सुरुवात कशी करू कळत नाही. त्याला सांगा, आपोआप नाहीये. सांगा, बिस्किटं ठेवली आहेत. सांगा, स्क्रूड्रायव्हर घेऊन ये आणि या दाराची कडी आतून उघडेल अशी कर. नणंदबाईंना येऊ नका म्हणून नवरा सांगेल. दार आधी उघडलंत तरी चालेल, पण मला उठवू नका, आधी दादाला फोन करा. त्याला म्हणावं ये, पण घाई करू नकोस.